पडदे कुठून आणले?
न्यू जर्सीतल्या भाचीची लग्नाच्या आधारावरच्या ग्रीन कार्डची मुलाखत तोंडावर आलीय, आणि या आठवड्यात तिने मला फोनवर आपली फाइल दाखवली: दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉइंट खात्याचे उतारे, एकत्र भरलेला टॅक्स रिटर्न, हळदीपासूनचे फोटो. लग्न खरं असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तिथे जोडप्यावरच असते. अधिकाऱ्याला शंका आलीच तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं इथपर्यंत. न्यूयॉर्कमधल्या 1976 च्या खटल्यावरून अशा चौकशीला ‘स्टोक्स मुलाखत’ म्हणतात. म्हणून दोघं रोज घोकंपट्टी करताहेत. मंडळी, माझा या पाठांतराला साफ विरोध आहे. ‘पडदे कुठून आणले?’ या प्रश्नाला भाची म्हणाली एडिसनच्या दुकानातून, भाचेजावई म्हणाले ऑनलाइन, आणि तिथेच जुंपली! इतका अस्सल संसार पोपटपंचीने कशाला झाकायचा? आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावं, अंदाजाने ठोकून देऊ नये. कागद मात्र चोख हवेत. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्डही दोनच वर्षांचं मिळतं, आणि मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत आय-751 अर्ज भरून सगळे पुरावे पुन्हा द्यावे लागतात. तिला म्हटलं, विजेच्या बिलावर अजून एकट्या नवऱ्याचंच नाव दिसतंय, ते आधी बदलून घे.