बिऱ्हाड कोठे करावे?

जूनच्या तोंडावर बदल्यांचे हुकूम निघतात आणि शिक्षक-कारकुनांची कुटुंबे जळगाव-धुळ्यात बिऱ्हाडाच्या शोधात फिरू लागतात. पहिली चौकशी अर्थातच भाड्याची. धुळ्यात निवड त्यातल्या त्यात सोपी: जुन्या शहरातील क्रमांकाच्या गल्ल्यांत दाटी आहे पण बाजार हाकेच्या अंतरावर, पांझरेपलीकडे देवपुरात शाळा-महाविद्यालये आहेत.

जळगावची गोष्ट निराळी. सुरत-नागपूर महामार्ग तेथे भर वस्तीतून गेला आहे. घर महामार्गापलीकडे आणि शाळा अलीकडे असेल, तर आठ वर्षांच्या मुलाला मालमोटारींच्या रांगेतून सायकल काढावी लागते. वाचलेले भाडे मग कोणत्या खात्यात मांडायचे? नळाला किती दिवसांआड पाणी येते, हेही घरमालकाला नव्हे, शेजारच्या गृहिणीला विचारावे.

2003 साली दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या. वसाहतींचे आराखडे मंजूर करताना शाळेची वाट पाहणे हे त्यांचेच काम. परंतु त्यासाठी आग्रह धरणार कोण? बदलीवर आलेल्या कारकुनाचे नाव मतदारयादीत बहुधा जुन्याच गावी असते, आणि ते येथे येईतो पुढचा हुकूम हाती पडतो.