पाहुण्याची रीत

युरोपची सहल आता मध्यमवर्गीय घरांना अपूर्वाईची राहिलेली नाही. अंबरनाथ-बदलापुरातली निवृत्त जोडपीही हौसेने जाऊन येतात. निघण्यापूर्वी त्यांना शिष्टाचारांची एक यादी मिळते. पॅरिसच्या दुकानात शिरताच आधी 'बोंजूर' म्हणावे, मग भाव विचारावा. चर्चमध्ये खांदे झाकावेत. रोमच्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नये. २०१९ पासून तिथे बसणाऱ्याला दंड होतो. आपली मंडळी हे सारे निमूटपणे पाळतात. म्हणजे शिस्त आपल्याला जमत नाही, हे खरे नव्हे. ती आपण परमुलखासाठी राखून ठेवली आहे, इतकेच.

रोमच्या त्या पायऱ्या बांधून झाल्या १७२५ साली. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काल दिलेला आहे. रोमपेक्षा साडेसहाशे वर्षांनी जुन्या या वास्तूच्या जोत्यावर पाय टेकून फोटो काढताना आपल्याला काही वाटत नाही. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे पाहायची असतात, चाचपायची नसतात, हे मुलांना सांगायचे राहूनच जाते. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर तरी आवाज खाली यावा, तर तिथेही मोबाइल खणखणतो.

शेजारच्या उल्हासनगरला आपण खरेदीसाठी जातो आणि 'मेड इन यूएसए'चा जुना विनोद सिंधी दुकानदारालाच ऐकवतो. फाळणीत घरदार सोडून आलेली ही माणसे कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिली. त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी. जुनी माणसे अजूनही 'कॅम्प' म्हणतात, त्यामागे हा इतिहास आहे. सिंधी घरी पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात. तो आनंदाने घ्यावा. दरबारात जाताना डोके झाकावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला पावसाळ्यात झुंडी लोटतात. कुंडात तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या येतात, बाटल्यांच्या काचा मागे उरतात. तिथे देवस्थान आहे, आसपास माणसांची घरे-शेते आहेत, हे पर्यटकाच्या ध्यानातच नसते. बुडालेल्याला शोधायला पाण्यात उतरणारे हातही बहुधा गावातलेच असतात.

जिथे आपण पाहुणे असतो तिथे कुणीतरी यजमान असतो, हे ओळखणे म्हणजेच शिष्टाचार. परदेशात तो यजमान दंडाची पावती फाडतो म्हणून दिसतो. आपल्याकडे तो गप्प बसतो. मुलांना ही रीत शिकवण्यासाठी विमानाचे तिकीट काढायला नको. लोकल पकडून अंबरनाथला उतरावे, मंदिरात हळू बोलावे आणि निघताना आपला कचरा आपल्याच पिशवीत घालून घरी आणावा.