प्रकल्प कोणाचा?

हल्ली शाळेत ‘प्रकल्प’ नावाचं एक खातं असतं. खातं पोराच्या नावावर, भरणा बापाचा! सहावीला प्राचीन संस्कृती आली, की आमच्या फुलसावंगीतसुद्धा रात्री दहाला पुठ्ठ्याचे पिरॅमिड उभे राहतात. आई डिंक लावते, चिरंजीव घोरतात. ग्रंथालयातल्या कपाटाला मात्र कुलूप. का, तर पोरं पुस्तकं मळवतात!

मळू द्या की हो! अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल माणसाला झुडपाची मुळं खणताना ब्राँझची चित्रं सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. गेंड्याला, म्हशीला चक्क चाकं! विदर्भातली पोरं तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी नंदीच ओढतात ना? मग त्यांना एवढंच विचारा: जनावराला चाकं कुणी लावली, नि कशाला? पोरगं कपाट उघडायला लावील, आजोबांना छळील, सुताराकडे जाईल. उत्तर चुकेलही, पण चूक त्याची स्वतःची असेल.

बापाच्या हातचा प्रकल्प म्हणजे दुसऱ्याच्या सहीचा चेक. आम्ही बँकवाले तो परत पाठवतो. गुरुजी, तुम्ही का वटवता?