ठेक्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

गेल्या 14 एप्रिलला पुण्याहून एक मित्र वर्ध्याला आला होता. त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा जास्त काळजीनं गुंडाळलेली एक चौकोनी वस्तू होती. लंडनच्या नव्वदच्या दशकातल्या जंगल संगीताची रेकॉर्ड, नव्यानं छापलेली. किंमत साडेतीन हजार. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही, म्हणून आम्ही नुसतं कव्हर हातात घेऊन पाहिलं आणि तेच गाणं फोनवर लावलं. तुटक ड्रम, पोटात घुसणारा बेस, मध्येच एका माणसाची आरोळी. मित्र डोळे मिटून म्हणाला, "हे खरं रस्त्यावरचं संगीत."

तेवढ्यात खालच्या रस्त्यानं जयंतीची मिरवणूक आली. तुटक ड्रम, पोटात घुसणारा बेस, मध्येच एका माणसाची आरोळी.

मित्रानं उठून खिडकी लावली.

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. दारूबंदीचा जिल्हा असल्यामुळे चहावर झालं, त्यामुळे मला ते नीट आठवतं. त्याचं म्हणणं होतं की दोन्हींची तुलनाच होऊ शकत नाही. एक कला आहे, दुसरा धिंगाणा. माझं म्हणणं होतं आणि आहे की या दोन्हींत फरक फक्त तीस वर्षांचा आणि एका पुठ्ठ्याच्या कव्हरचा आहे. मात्र भांडता भांडता लक्षात आलं की या प्रकरणात मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. ते पुढे सांगतो.

आधी त्या कव्हरकडे बघू. आज जगभर जुन्या रेव्ह, जंगल आणि हाऊसच्या रेकॉर्ड पुन्हा छापल्या जातायत. जाड तबकडी, स्वच्छ छपाई, आत माहितीपुस्तिका. पण हे संगीत जन्मलं तेव्हा त्याला कुणी काचेच्या कपाटात ठेवलं नव्हतं. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटकांनी उडवून दिला गेला. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को हे प्रामुख्यानं काळ्यांचं, लॅटिनोंचं आणि समलिंगी लोकांचं नाचगाणं होतं, आणि त्या रात्रीचा राग नुसता संगीतावर नव्हता हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. त्याच शहरात 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवत होता. हाऊस हे नाव त्या क्लबवरून पडलं असं मानतात.

जंगलची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. जमैकाहून लंडनला आलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर साउंड सिस्टीम आणली. म्हणजे काय? तर स्पीकरच्या भिंती, स्वतः जुळवलेले अॅम्प्लिफायर आणि वस्तीतली पोरं. दोन साउंडमध्ये चढाओढ लागायची. जिंकण्यासाठी फक्त आपल्याचकडे असलेलं गाणं हवं, म्हणून 'डबप्लेट' नावाची एकुलती एक तबकडी कापून घ्यायची. ती मऊ असायची, काही आठवडे वाजवली की झिजायची. आता हिंगणघाट, देवळी, पुलगाव, कुठल्याही गावातल्या डीजेवाल्याला विचारा. सीझनच्या आधी तो स्वतःच्या नावाचं 'साउंड चेक' बनवून घेतो, ते दुसऱ्याला देत नाही, आणि मिरवणुकीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की तेच बाहेर काढतो. त्यानं किंग्स्टनचं नाव ऐकलेलं नसतं. माणसं, बेस आणि रस्ता एकत्र आले की हेच घडतं.

ब्रिटनच्या सरकारनं तेव्हा काय केलं? 1994 च्या फौजदारी न्याय कायद्यात रात्रीच्या उघड्यावरच्या रेव्ह मोडून काढण्याचे अधिकार पोलिसांना दिले आणि 'संगीत' या शब्दाच्या व्याख्येत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठेक्यांचा मुद्दाम समावेश केला. संसदेनं ठेक्याची व्याख्या करावी, इतका तो ठेका नकोसा झाला होता. आज त्याच ठेक्याच्या रेकॉर्ड त्याच देशातून वारसा म्हणून निर्यात होतात आणि माझा मित्र त्या विकत घेतो. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे अशा दोन रेकॉर्ड घ्यायच्या तर आमच्याकडचा जवळजवळ एक क्विंटल कापूस लागतो. असो, छंदाला मोल नसतं.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. डीजेचा आवाज जीवघेणा असतो. कायद्यानं निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद हवा. मिरवणुकीतल्या भिंतीसमोर हे आकडे वाचून हसू येतं. माझ्या मामाचा हिंगणघाटला साउंडचा धंदा आहे. वीस वर्षं भिंतीमागे उभं राहून त्याचा डावा कान गेलाय. फोन तो उजव्या कानालाच लावतो. म्हणून आवाज कमी करा हे मी कुणापेक्षाही मोठ्यानं म्हणेन. पण आवाज कमी करा म्हणणं वेगळं आणि हे संगीतच नाही म्हणणं वेगळं. पहिली आरोग्याची मागणी आहे. दुसरी जातीची आणि वर्गाची नाकमुरड आहे. आपण पहिलीच्या आडून दुसरी बोलतो. लंडनच्या क्लबमधला बेस काही कानाला तूप लावत नाही.

आता आपल्याकडे काय होतं ते बघा. 1982 साली मुंबईत चरणजीत सिंग या सिनेसृष्टीतल्या वादकानं रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातल्या टीबी-303 नावाच्या यंत्राचा आवाज पुढे अॅसिड हाऊसची ओळख बनला, पण शिकागोचा 'अॅसिड ट्रॅक्स' आला 1987 ला. म्हणून कुणी कुणी सिंगांना अॅसिड हाऊसचा जनक म्हणतात. तो दावा ताणलेला आहे. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेली असण्याची शक्यता जवळपास नाही. मुद्दा वेगळाच आहे. एचएमव्हीची ती रेकॉर्ड खपली नाही आणि आपण ती विसरलो. एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती सापडली, त्यानं सिंगांना शोधून काढलं आणि 2010 मध्ये ती पुन्हा छापली. तेव्हा कुठे आपल्या वर्तमानपत्रांना कळलं की असा एक माणूस मुंबईत राहतो. 2015 मध्ये ते गेले.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 ते 1972 या काळात मूग सिंथेसायझरवर भारतीय संगीतकारांनी केलेले प्रयोग टेपवर पडून होते. तेही ब्रिटनच्या पॉल पर्गसनं शोधले आणि 2023 ला रेकॉर्डवर आले. म्हणजे आपली वस्तू आपल्याच कपाटात असते, पण किल्ली कायम परदेशातून येते. मग विदर्भातल्या मिरवणुकीच्या रिमिक्सची किल्ली कोण आणणार? तीस वर्षांनी बर्लिनचा कुणी तरुण हिंगणघाटला येईल आणि 'हरवलेला बेस' शोधेल, याची वाट बघायची का? आला तरी त्याला मिळणार काय? पेन ड्राइव्ह गेलेले, मेमरी कार्ड फॉरमॅट झालेली, चॅनल बंद पडलेले. रेकॉर्डला चाळीस वर्षांनीही सुई लावता येते. 2012 चा पेन ड्राइव्ह आज उघडून दाखवा.

इथवर मित्राशी भांडण होतं. आता माझ्याकडे वळतो.

2014 साली मी अकरावीत होतो आणि कॉम्प्युटरवर एफएल स्टुडिओ शिकत होतो. समुद्रपूर तालुक्यातल्या एका लग्नात एक म्हातारे बुवा डफडं वाजवत होते. मी फोनवर रेकॉर्ड केलं. घरी येऊन त्यातले अकरा सेकंद कापले, वेग वाढवला, खाली बेस घातला. मामाच्या गाडीवर ते दोन सीझन वाजलं. दर अर्ध्या मिनिटाला एका बाईच्या आवाजात माझं नाव यायचं, तो टॅग मी पैसे देऊन बनवून घेतला होता. बुवांचं नाव कुठेच नव्हतं. मला ते माहीतही नव्हतं. एकदा मिरवणूक बघायला ते रस्त्याच्या कडेला उभे होते आणि शेजारच्या पोट्ट्यांना म्हणाले, "हे माह्यं डफडं आहे." पोट्टे हसले. हे मला मामानं पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. 2019 ला बुवा गेले. माझी हार्ड डिस्क त्याआधीच गेली होती. मूळ रेकॉर्डिंग संपलं. रिमिक्स मात्र एका चॅनलवर अजून आहे, माझ्या टॅगवर दुसऱ्याच कुणाचा टॅग चढवून. तो ऐकला तेव्हा मला चोरी झाल्यासारखं वाटलं. मग आठवलं, चोराच्या घरी चोरी झालीय.

माझ्यासारख्यांची परंपरा जुनी आहे. अख्खं जंगल ज्या ड्रमवर उभं राहिलं ते 1969 च्या 'अमेन, ब्रदर' या गाण्यातले जेमतेम सात सेकंद. ते वाजवले द विन्स्टन्स या बँडच्या ग्रेगरी कोलमननं. हजारो गाण्यांत ते वापरले गेले. त्याबद्दल कोलमनला एक पैसा मिळाला नाही आणि 2006 मध्ये तो बेघर अवस्थेत वारला. बँडच्या रिचर्ड स्पेन्सरसाठी 2015 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली, ती 24,000 पौंडांपर्यंत गेली. चांगली गोष्ट, पण वर्गणी आणि हक्क यांत फरक असतो. हाऊसमध्येही तेच. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांना आपल्या जुन्या गाण्यांसाठी 2020 साली ट्रॅक्स रेकॉर्ड्सविरुद्ध कोर्टात जावं लागलं. 2022 ला तडजोड होऊन गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. म्हणून नव्या छपाईची रेकॉर्ड बघितली की मी वजन विचारत नाही. पैसे कुणाला गेले, हे विचारतो.

शेतकऱ्याच्या घरात सातबारा जपून ठेवतात, कारण कसणाऱ्याचं नाव कागदावर नसेल तर जमीन कसून उपयोग नाही. रेकॉर्डचं लेबल हा गाण्याचा सातबारा आहे. आणि आपल्याकडच्या लोककलेच्या सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं एकच नाव चढवलं गेलंय: 'पारंपरिक'. ऐकायला किती आदराचा शब्द! अर्थ एवढाच की कुणाला काही द्यायचं नाही. वास्तविक 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात वादकाला स्वतःचं नाव लावून घेण्याचा आणि व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्क आहे. डफडं वाजवणाऱ्याला तो कुणी सांगितलाय?

फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्यात दोन साहित्य संमेलनं एकाच वेळी भरली, एक अखिल भारतीय आणि एक विद्रोही. मी दोन्हीकडे गेलो. दोन्हीकडे माइक लावणारी पोरं सारखीच होती. मी ऐकलेल्या सत्रांत लोककला वाचवण्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं, पण ती लोककला आज ज्या पेन ड्राइव्हमध्ये राहते त्याबद्दल कुणी बोललं नाही. अभिजनांना ती संग्रहालयात हवी आहे आणि आम्हा डीजेवाल्यांना फुकट.

मागच्या वर्षी मी बुवांच्या मुलाला भेटलो. माफी मागितली, म्हटलं, ते रिमिक्स पुन्हा बनवून तुमच्या वडिलांच्या नावानं टाकतो. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या घरात आता कुणी डफडं वाजवत नाही, आणि हे त्यांनी खंत म्हणून नाही, अभिमानानं सांगितलं. दुसऱ्याच्या लग्नात दाराबाहेर उभं राहून वाजवायचं आणि शेवटी जेवायचं, ते त्यांनी सोडलंय. मग म्हणाले, "बापाचं नाव टाकाचं असन तं टाक. पन जात नोको टाकू, अन् 'पारंपरिक' बी नोको टाकू. वाजवनारा म्हून टाक. अन् गान्याखालीच टाक, लेखात नोको." म्हणून ते नाव इथे नाही.

वारसा, वारसा म्हणून छाती पिटणाऱ्या सगळ्यांना, आणि मलाही, त्या वाक्यात उत्तर आहे. वाद्य जपायचं म्हणजे ते वाजवण्याची सक्ती जपायची नाही. माणूस वाद्य खाली ठेवू शकतो, तरी त्याच्या ठेक्यावरचा त्याचा हक्क संपत नाही.

तेव्हा मिक्स बनवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, व्हिनाइल फार पुढची गोष्ट आहे. आज एवढं करा. कुणाचंही वादन रेकॉर्ड करण्याआधी विचारा. वादकाचं नाव, गाव, तारीख आणि वाद्य फाइलच्या नावातच लिहा. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक इंटरनेट अर्काइव्हसारखं सार्वजनिक असू द्या. सुपारीच्या पैशातला ठरलेला वाटा त्याच्या घरी पोचवा. आणि टॅगच्या बाईला पैसे देताच आहात, तर तिच्याकडून आणखी एक नाव बोलून घ्या.

आणि पुण्याच्या मित्रा, तू रेकॉर्ड घेत जा. त्या पोरांचं संगीत उत्तमच आहे. फक्त पुढच्या 14 एप्रिलला ये, तेव्हा खिडकी लावण्याआधी खाली उतर. आवाज जास्त असेल तर कमी करायला सांग, मीही तुझ्याबरोबर सांगेन. पण ड्रम कुणाचा आहे, तेही विचार. मामाशी बोलायचं असेल तर त्याच्या उजव्या बाजूला उभा राहा.