डोळे वटारले म्हणून रागावण्याआधी

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ‘आँखें दिखाना’, मराठीत ‘डोळे वटारणे’. दोन्हीकडे अर्थ उद्धटपणाचाच. त्याच समजुतीने गेल्या वर्षी आमच्या हातून चूक झाली. नववीतील एका विद्यार्थिनीला कार्यालयात बोलावून आम्ही दरडावले, “अशी डोळे वटारून काय बघतेस?” वर्गात तर तिला ‘बेडकी’ म्हणतच होते. दोन महिन्यांनी निदान झाले : थायरॉईडचा ‘ग्रेव्हज’ आजार.

डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्तीच गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला चेतवते व ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागते. काहींच्या डोळ्यांमागील स्नायू व चरबीही सुजतात. मागे हाडाची खोबण, जागा कुठली? डोळा पुढे येतो. वरची पापणी मागे ओढली जाऊन बुबुळाच्या वरही पांढरा भाग दिसतो. शिवाय भूक वाढूनही वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही.

त्या मुलीचे प्रगतिपुस्तक आम्ही पुन्हा काढून पाहिले. शेरे होते : ‘अक्षर बिघडले’, ‘चुळबुळ फार’, ‘लक्ष नाही’. आम्ही सर्व लक्षणे टिपली होती, फक्त अवगुण म्हणून!

पालकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. एकच डोळा अचानक सुजून पुढे आला, दुखू लागला, सोबत ताप असला, तर सायनसचा संसर्ग डोळ्यामागे पसरलेला असू शकतो. अशा वेळी घरचे थेंब घालून वाट पाहू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दृष्टी जाऊ शकते.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. वार्षिक नेत्रतपासणीत आपण मुलांकडून फक्त तक्ता वाचून घेतो. या मुलीने शेवटची ओळसुद्धा बिनचूक वाचली होती. यंदापासून बालरोगतज्ज्ञांनाही बोलवावे, वजन व नाडी नोंदवून मागील वर्षाशी ताडून पाहावी. थायरॉईडची शंका आल्यास रक्ताची साधी तपासणी पुरते, आणि औषधे आहेत.

डोळ्यांतील बदल रोज पाहणाऱ्याला लवकर कळत नाही, म्हणून डॉक्टर जुने फोटो मागतात. प्रत्येक वर्गाचे वार्षिक फोटो शाळेच्या कपाटात आहेत. ज्या पालकांना शंका वाटते त्यांनी कार्यालयीन वेळेत येऊन पाहावेत. अर्जाची गरज नाही.