उशीर कोणाचा, दंड कोणाला?

गेल्या दिवाळीत पुतण्या फराळाला आला तो काखेत कागदांचे एक जाडजूड बाड घेऊनच. त्याचा लोखंडी फर्निचरचा लहानसा कारखाना आहे. पत्र्याची एक शेड, आठ कामगार आणि बँकेची ओव्हरड्राफ्टची सोय, एवढाच पसारा. ते बाड एका सरकारी कार्यालयाच्या निविदेचे होते. शाळांसाठी बाके हवी होती, किंमत साधारण दहा लाखांची. "काका, तुम्ही तीस वर्षं हेच केलंत. यातलं नेमकं काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं, तेवढं सांगा," तो म्हणाला.

मी निवृत्त होईपर्यंत एका सरकारी खात्याच्या भांडार आणि लेखा शाखेत होतो. शेकडो निविदांना 'सर्वसाधारण अटी व शर्ती' मी स्वतःच्या हाताने जोडल्या आहेत. पण त्या लिहिल्या कोणी, असे पुतण्याने विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. मागच्या नस्तीतून पुढच्या नस्तीत त्या उतरत असत. केंद्र सरकारची मोठी खरेदी करणाऱ्या पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाच्या 'डीजीएसअँडडी-६८' या नमुन्यातल्या अटी कितीतरी खात्यांनी वर्षानुवर्षे वापरल्या. ते महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, 'जेम' हे सरकारी खरेदीचे पोर्टल सुरू झाले होते. कागद गेला, पडदा आला. पूर्वी पुरवठादार प्रत्येक पानावर सही करी, आता एका चौकोनात खूण करतो. वाचत तेव्हाही फारसे कोणी नव्हते.

मी पुतण्याला प्रथम दिरंगाईचे कलम काढायला लावले. ते लगेच सापडले. माल पोचायला उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का दंड, जास्तीत जास्त दहा टक्के. दहा लाखांच्या मालावर आठवड्याला पाच हजार, फार झाले तर एक लाख. केंद्राच्या आणि राज्यांच्या कितीतरी करारांत हाच आकडा असतो. मग म्हटले, आता सरकारने पैसे द्यायला उशीर केला तर काय, ते कलम काढ. त्याने बरीच पाने उलटली. शेवटी ओळ सापडली ती अशी : देयक अनुदानाच्या उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल व विलंबाबद्दल व्याज देय राहणार नाही.

त्याच्या उशिराला आठवड्याचा हिशोब होता. कार्यालयाच्या उशिराला आकडाच नव्हता.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपण हसत म्हणतो. पण या सहा महिन्यांचे पैसे कोणीतरी भरत असतो. माझ्या टेबलासमोर तसा एक माणूस बसत असे. तो घोंगड्यांचा पुरवठादार होता. त्याचे देयक मार्चच्या वीस तारखेला माझ्याकडे आले. तपासणी अहवालावर एक सही राहिली होती, ती होईपर्यंत मार्चअखेर उलटली आणि अनुदान व्यपगत झाले. नवे अनुदान येऊन त्याला पैसे मिळाले ते डिसेंबरात. मधल्या काळात तो दरमहा यायचा, मी चहा सांगायचो, तो चहा पिऊन जायचा. त्याने व्याज एकदाही मागितले नाही. मीही काढले नाही. पुढल्या वर्षी त्याने निविदा भरली नाही. ज्याने भरली त्याचे दर चढे होते, आणि आम्ही बाजारभाव वाढल्याची टिपणी लिहून ते मंजूर केले.

आता कायदा काय म्हणतो पाहा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत द्यावेच लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. बँक दर साडेसहा टक्के धरला तर हे व्याज साडेएकोणीस टक्क्यांवर जाते. आणि हे, करारात काहीही लिहिलेले असले तरी. म्हणजे पुतण्याच्या बाडातली 'व्याज देय राहणार नाही' ही ओळ त्याच्यासारख्या नोंदणी केलेल्या लघुउद्योगापुढे टिकणारी नाही. तरी ती छापली जाते. वाचणारा घाबरतो, तेवढे काम ती चोख करते.

व्याज मागायला सुकरता परिषद आहे, २०१७ पासून तक्रार ऑनलाइनही करता येते. पण तिथे जायचे म्हणजे ज्या दारात पुढल्या वर्षी पुन्हा जायचे आहे त्या दाराविरुद्ध जायचे. पाण्यात राहून माशाशी वैर! २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक चाप बसवला. लघुउद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा करता येणार नाही, अशी ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. खासगी व्यापाऱ्यांची त्यामुळे धावपळ उडाली. सरकारी खाते आयकर भरतच नाही, त्यामुळे सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला हा चाप लागत नाही. उलट बिल फाडले की जीएसटी भरावा लागतो, बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत.

सरकार खलनायक आहे असे मला म्हणायचे नाही. पैसा जनतेचा आहे, आणि अटी सैल केल्या की काय होते हे बिहारच्या चारा घोटाळ्यात दिसले. न आलेल्या चाऱ्याची देयके कोषागारातून निघत होती. राज्यघटनेच्या २९९ व्या अनुच्छेदानुसार सरकारचा करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावाने होतो, त्यामुळे सही करणाऱ्याचा हात जड होतोच. तपासणी हवी, दंडही हवा. पण एकाच बाजूला?

न्यायालयांनी या प्रश्नाला अनेकदा हात घातला आहे. मला आठवतो तो मौला बक्ष यांचा बटाट्यांचा खटला. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी लष्कराला बटाटे पुरवण्याचा करार केला आणि दहा हजार रुपये अनामत ठेवली. मार्चमध्ये कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचा दुसरा करार झाला, अनामत साडेआठ हजार. पुरवठ्यात वारंवार कसूर झाली हे खरे. वर्षअखेरीस सरकारने दोन्ही करार रद्द केले आणि दोन्ही अनामती जप्त केल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९६९ साली. न्यायालय म्हणाले, बटाट्याचा आणि अंड्यांचा बाजारभाव सिद्ध करता येण्याजोगा होता. नुकसान किती झाले याचा पुरावा सरकारने दिलाच नाही. तेव्हा अनामत व्याजासह परत करा. पुढे २००३ साली, तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या पाइपांच्या खटल्यात, याच न्यायालयाने दुसरी बाजूही मांडली. नुकसान मोजणे अवघड असेल तिथे आधी ठरलेला वाजवी दंड घेता येतो. शाळेची बाके उशिरा आली तर मुले जमिनीवर बसतात, त्याचे नुकसान कसे मोजणार, हा युक्तिवाद मला पटतो. मग पुरवठादाराचे नुकसान तर मोजायला कितीतरी सोपे. बँकेचे पासबुक पुरे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी एक कलम मोडीत काढले. वाद झाला तर सरकारी पक्ष स्वतःच लवाद नेमणार, ही अट समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरली. त्याच वर्षी जूनमध्ये मात्र केंद्राच्या अर्थखात्याने सांगून ठेवले होते की खरेदीच्या करारात लवादाची अट सरसकट घालू नये आणि ती दहा कोटींच्या आतल्या वादांपुरती ठेवावी.

हे सारे असूनही घोडे अडते कुठे, ते मला त्या टेबलावर बसल्यामुळे ठाऊक आहे. उशिराबद्दल मी पुरवठादाराला व्याज दिले असते तर तो लेखापरीक्षणात 'टाळता येण्याजोगा खर्च' ठरला असता आणि माझ्याकडून खुलासा मागितला गेला असता. उशीर केला याचा खुलासा कोणी मागत नाही. चढ्या दरात लपलेले व्याज तर कोणत्याच वहीत दिसत नाही. त्यामुळे कायद्याने देय असलेले व्याज न देणे हेच शहाणपणाचे. म्हणून व्याज मागावे लागू नये, ४५ दिवस उलटले की ते देयकात आपोआप धरले जावे, आणि ही ओळ अर्धा टक्का दंडाच्या ओळीशेजारीच छापली जावी, असे मला वाटते. पोर्टलला दंड मोजता येतो, तसे व्याजही मोजता येईल.

यासाठी कायदा करण्याचा प्रयत्न झाला होता. सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ साली लोकसभेत आले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळले. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदांचे कायदे केले. महाराष्ट्राने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका दिली. इथे २०२५ साली थकलेल्या देयकांसाठी कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते.

पुतण्याला मी साधा हिशोब करून दिला. ओव्हरड्राफ्टचे व्याज बारा टक्के आणि पैसे यायला आठ महिने धरले तर दहा लाखांवर ऐंशी हजार. म्हणजे दरात आठ टक्के चढवायला हवेत. नाहीतर हे पैसे त्याच्या खिशातून, पर्यायाने त्या आठ कामगारांच्या दिवाळीतून जाणार. चढवले तर ते तुमच्या-माझ्या करातून जाणार. त्याने मान डोलावली, बाड उचलले, काकूने दिलेला लाडवांचा डबा घेतला आणि गेला.

निविदेच्या शेवटच्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. "काका, आठाचे चारच धरले. पूर्ण धरले तर एल-वनला येत नाही."