बक्षीस गावाला, पण पट्टी कोण वाचणार?



गोव्यात पणजीला दर नोव्हेंबरात केंद्र सरकारचा चित्रपट महोत्सव भरतो. मोबाईलवर आणि टीव्हीवर घरोघर पाहिल्या जाणाऱ्या वेबमालिकांपैकी एकीला तिथे २०२३ पासून दहा लाखांचे बक्षीस सुरू झाले. पहिल्या वर्षी ते हिंदी 'पंचायत'च्या दुसऱ्या भागाला गेले, २०२४ ला आपल्या मराठी 'लंपन'ला. निपुण धर्माधिकारींची ही मालिका प्रकाश नारायण संतांच्या लंपनकथांवर बेतलेली. हे संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. तेव्हा कराडकरांनी जरा कॉलर ताठ केली तर कोणी नावे ठेवू नयेत.

दोन्ही वर्षी बक्षीस गावाकडच्या गोष्टीला मिळाले. मग तक्रार कसली?

'पंचायत'मधला सचिव गावात येतो तो नाइलाजाने. रात्री परीक्षेचा अभ्यास करतो आणि इथून सुटका कधी होते याची वाट बघतो. लंपनला आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे पाठवलेले. एक यायला नाखूष, दुसरा पाठवून दिलेला. गाव मात्र फार गोड दिसते. दुधीभोपळेसुद्धा प्रेमाने भेट दिले जातात. ते पिकवायला खर्च किती आला आणि बाजारात काय मिळाले, हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही.

२०२४ च्या अंतिम पाचांत 'कोटा फॅक्टरी', 'काला पानी', 'ज्युबिली' या मालिका होत्या, आणि एक तमिळ 'अयली'. ती आपल्या घरातल्यांनी जरूर बघावी. मुलगी वयात आली की तिची शाळा बंद आणि लग्न, असा त्या गावचा रिवाज. एक पोर डॉक्टर व्हायचे म्हणून आपण वयात आल्याचे लपवते आणि शाळेत जात राहते. ती गावातच राहून गावाशी भांडते. १९८६ ला चांदवडला लाखो मायबहिणी जमल्या, त्यांना ही पोर आपलीच वाटली असती. माझे मत विचाराल तर बक्षीस तिचे होते. 'लंपन'वर राग नाही, पण आपल्या बाजूने बोलणारी तीच.

टीव्ही मुळात आपल्याला शिकवायला आला. २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीत 'कृषिदर्शन' सुरू झाले, आसपासच्या ८० गावांत सामायिक संच ठेवून. बियाणे कोणते, खत किती, हे सगळे सांगितले. पिकवलेल्या मालाला भाव का मिळत नाही, हा धडा राहूनच गेला.

२८ नोव्हेंबर २०२४ ला पणजीत महोत्सवाचा समारोप झाला. तेव्हा वऱ्हाडात कापसाची वेचणी चालू होती आणि आमच्या पूर्व भागात शाळू गुडघ्याच्या वर आला होता. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला लांब धाग्याच्या कापसाला ७५२१ रुपये आणि मालदांडी ज्वारीला ३४२१. तो तुमच्यातल्या किती जणांच्या पट्टीवर उतरला, ते तुम्हीच आठवा. अडतीच्या दारात गाडी उभी असते, भाव पुकारला जातो, बाप गप्प होतो आणि पोरगा बापाकडे बघतो. एवढ्या एका सकाळीवर सहा भागांची मालिका होईल. अजून कोणी केलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता कॅमेरा तर प्रत्येक पोराच्या खिशात आहे. जिल्हा बैठकीला येताना ज्यांना चित्रीकरण जमते अशा पोरापोरींना बरोबर आणा. आणि हमाली-तोलाई वजा जाता हातात काय पडले, ती पट्टी कॅमेऱ्यापुढे वाचून दाखवायला कोण कोण तयार आहे, तेवढी नावे आधी कळवा.